आशाताईंच्या कागदावर तुमचे गुण किती?

आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याजवळच्या कागदांत 'सी-बॅक' नावाचा एक फॉर्म असतो. तिशी गाठलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा असतो. जामनेरच्या कुठल्याही गल्लीत किंवा नेरी, पहूर, शेंदुर्णी, फत्तेपूरच्या कुठल्याही ओट्यावर तो भरला जाताना पाहा. घरातला कर्ता पुरुष अर्धं लक्ष मोबाइलमध्ये ठेवून म्हणतो, "लिहा ना ताई काहीतरी, मले काई होत नाई." कंबरेला टेप लावायची वेळ आली की हसत उठून जातो. हा लेख त्या उठून जाणाऱ्या माणसासाठी आणि त्याला परत खाली बसवू शकेल अशा त्याच्या घरच्यांसाठी आहे.

फॉर्मच्या पहिल्या भागात सहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला गुण आहेत. वय ३० ते ३९ असेल तर १, चाळिशीत २, पन्नाशीत ३, साठीपुढे ४. तंबाखू, बिडी, मिश्री यांपैकी काही कधीमधी घेत असाल तर १, रोज घेत असाल तर २. रोज दारू असेल तर १. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य, १०० पर्यंत १, त्यापुढे २. बाईची ८० पर्यंत शून्य, ९० पर्यंत १, त्यापुढे २. आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होत नसेल तर १. आईवडील किंवा भावंडांत कुणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार असेल तर २. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची, असा नियम आहे.

आता एक नेहमीचा माणूस घ्या. वय ४७, दिवसातून चार-पाच वेळा तंबाखू-चुना, कंबर ९६, फिरणं मोटरसायकलवर, वडिलांना बीपी. दारूला हात नाही. बेरीज आठ. आणि हा माणूस गावात 'धडधाकट' म्हणून ओळखला जातो. या सहा प्रश्नांत 'छातीत दुखतं का' असा प्रश्नच नाही, हे लक्षात घ्या. छातीत दुखायच्या दहा-पंधरा वर्षं आधी जे मोजता येतं, तेच इथे मोजलं जातं. वय आणि आईवडील बदलता येत नाहीत. उरलेले गुण मात्र आपल्या हातातले आहेत.

शेतात राबणाऱ्याला अटॅक येत नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत. ती एके काळी बरीच खरी असेलही. पण राबणं कुठे राहिलं आहे ते प्रामाणिकपणे पाहायला हवं. ज्या जळगाव जिल्ह्यानं देशाला ठिबक सिंचन शिकवलं तिथे रात्री उठून बारे देणं बंद झालं. आता कॉक फिरवला की पाणी सुरू, आणि मोटार तर मोबाइलवरून चालू होते. वखरणी ट्रॅक्टरनं, फवारणी बॅटरीच्या पंपानं, मळ्यापर्यंत मोटरसायकल. कष्टाचं जे उरलं आहे, म्हणजे निंदणी आणि कापूस वेचणी, ते बहुतेक बायकांच्या वाट्याला आलं आहे. पुरुषाचं जेवण मात्र वडिलांच्याच मापाचं राहिलं.

दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक कितव्या वर्षी येतो याचा अभ्यास झाला आहे. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतल्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. त्यातल्या आपल्या भागाच्या माहितीवर नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. आपल्याकडे पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, इतर देशांत जवळपास ५९ व्या. पाच-सहा वर्षांचा फरक. म्हणजे धाकट्या मुलाचं शिक्षण किंवा मुलीचं लग्न व्हायच्या आत. आणि या फरकाचं मोठं कारण रक्तातच काही गूढ आहे असं नव्हे. तंबाखू, बीपी, शुगर, चरबी, पोटाचा घेर या ओळखीच्या गोष्टीच आपल्याकडे लवकर सुरू होतात, असं त्यांना आढळलं.

टेप कुठे लावायची

पँटचा नंबर हा कंबरेचा पुरावा नाही. पोट सुटलं की माणूस पट्टा पोटाखाली सरकवतो आणि चौतीसची पँट वर्षानुवर्षं घालतो. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषाला साडेपस्तीस इंच आणि बाईला साडेएकतीस इंच ही आपल्या लोकांसाठीची हद्द. परदेशी तक्त्यांत ती बरीच सैल असते, तिच्याकडे पाहू नका.

आपल्यासाठी हद्द कडक का, याचं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे आलेला माणूस आपल्या बसस्टँडवर शोधावा लागत नाही. त्याला कुणी लठ्ठ म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणत नाही, आणि म्हणून त्याची शुगर कुणी तपासत नाही. वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा.

तंबाखू: 'मी ओढत नाही, नुसती खातो'

महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी पट जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक बिडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के तंबाखू, मिश्री, गुटखा या ना त्या रूपात तोंडात ठेवणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती टपरीवर किती दिसते हे वाचकांनीच ठरवावं.

खाणाऱ्याला कॅन्सरची भीती माहीत असते, कारण पुडीवर फोटो असतो. हृदयाचं कुणी सांगितलेलं नसतं. तळहातावर मळलेली चिमूट ओठाखाली गेली की काही मिनिटांत नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आखडतात. हे दिवसातून दहादा, वीस वर्षं. इंटरहार्टच्या पाहणीत नुसती तंबाखू खाणाऱ्यांतही अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसला, आणि खाणं-ओढणं दोन्ही करणाऱ्यांत चौपट. मिश्री लावणाऱ्या बायकांनी 'ती तर दातांसाठी' असं म्हणून यातून सुटू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

सोडायची कशी? 'हळूहळू कमी करतो' म्हणणारे बहुतेक जण कमी करत नाहीत, असं माझं मत आहे. एक दिवस ठरवा, घरात सांगा, आणि चंची-पुडी-चुन्याची डबी त्या दिवशी घरातून घालवा. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात: चिडचिड, डोकं धरणं, झोप न लागणं, पोट साफ न होणं. तलफ येते ती काही मिनिटं टिकते आणि ओसरते. तेवढ्या वेळात पाणी प्या, उठून चालायला लागा, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा. सुपारी नको, तिचे दोष वेगळे आहेत. ज्यांचं पहाटे उठल्याउठल्या तंबाखूशिवाय चालत नाही, त्यांच्यासाठी निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतो. तो चॉकलेटसारखा चघळत बसायचा नसतो; दोन-चारदा चावून गालात ठेवायचा. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे माणूस बोलतो आणि पुन्हा फोन करून विचारपूसही करतो. हे एक काम जमलं तर खाली लिहिलेल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त फायदा पदरात पडेल. वर्षभरात वाढीव धोका पुष्कळ उतरतो, आणि यासाठी वयाची अट नाही.

बीपी मोजायचं कसं

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्क्यांचं बीपी वाढलेलं किंवा गोळी चालू असलेलं निघालं. चार-पाच माणसांत एक. यातल्या पुष्कळांना काही त्रास होत नसतो, आणि हाच खरा त्रास. डोकं दुखलं, चक्कर आली की बीपी असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १७० असलेला माणूस लग्नात नाचत असतो.

बसमधून उतरून, जिना चढून, चहा-तंबाखू घेऊन दवाखान्यात टेकल्याबरोबर मोजलेलं बीपी धरू नये. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी करून यावं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजायचं, मिनिटभराचं अंतर ठेवून. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर ते वाढलेलं. घरी मोजत असाल तर १३५/८५ धरा. घरचं मशीन घ्यायचंच तर दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. भाऊबंदांत मिळून एक घेतलं तरी चालतं.

मग येते ती गोळीची भीती. "एकदा गोळी लागली की सुटत नाही." खरं तर गोळी लागत नाही, बीपी राहतं म्हणून गोळी राहते. वरचं बीपी १० नं खाली आणलं तर अटॅक, लकवा यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशानं कमी होतात, असं लाखो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. नेहमीच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं? गोळी घेतल्यावर बीपी १२८ आलं म्हणून गोळी बंद करण्यानं. १२८ आलं ते गोळीमुळे. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डॉक्टर गोळी कमी करू शकतात. ते काम त्यांच्याकडेच राहू द्या.

एक गोष्ट शेतकरी आणि मजूर घरांसाठी मुद्दाम. कंबर, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून सुट्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणं आपल्याकडे सर्रास चालतं. डायक्लोफिनॅकसारख्या या गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो आणि हृदयाचा धोकाही वाढतो. कधीतरी दोन दिवस घेणं वेगळं. वेचणीच्या हंगामात रोज सकाळ-संध्याकाळ घेत असाल तर ते डॉक्टरला सांगा, विचारलं नाही तरी सांगा.

मिठाची पिशवी, तेलाचा डबा

खान्देशच्या जेवणाला नावं ठेवणारे लेख पुष्कळ झाले. मला त्यांचा कंटाळा आहे. ज्या मुलखात ज्वारीची आणि कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, अंबाडी, वांगं आणि शेंगदाणे रोजचे आहेत, त्या मुलखाला कुणी परदेशी ओट्सचा उपदेश करायची गरज नाही. ताटात काय आहे यापेक्षा त्यावर काय ओतलं आहे, तिथे घोळ आहे.

मोजमाप घरच्या सामानावरून करा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक चहाचा सपाट चमचा. पाच माणसांच्या घरात एक किलोची पिशवी चाळीस दिवस तरी पुरायला हवी. तुमच्याकडे किती पुरते? पिशवीवर पेननं तारीख लिहा, कळेल. त्यात बाहेरच्या शेव-चिवड्यातलं मीठ धरलेलंच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेले बिबडे, पापड, कुरडया ही आपली दौलत, पण त्यात मीठ आहे आणि वर पापडखार. पापडखारही सोडियमच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बीपी असलेल्या माणसाच्या ताटात लोणचं, पापड आणि ठेचा यांपैकी एका वेळी एकच असावं. ताटात वरून मीठ नको. या वर्षी बिबड्यांच्या घाट्यात मीठ चौथ्या हिश्शानं कमी टाकून पाहा. तळल्यावर फरक कळत नाही, आणि भाजून खाल्ले तर आणखी बरं.

चीनच्या ६०० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. अर्ध्या गावांतल्या जोखमीच्या माणसांना नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं मीठ दिलं. २०२१ मध्ये निकाल आला: लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. खेड्यातली साधी माणसं, स्वयंपाक तोच, फक्त पिशवी बदलली. असं 'लो सोडियम' मीठ आपल्याकडेही मिळतं. पण किडनीचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ते वापरू नये, कारण अंगात पोटॅशियम साठलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. हेच पोटॅशियम आपल्या केळीत आहे. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालं, ते केळाला मिळालं, वेफर्सना नव्हे. शुगर नसेल तर रोज एक केळ खावं. शुगर आटोक्यात असेल तर लहान केळ, जेवणाच्या हिशेबात धरून.

आता डबा. माणशी दिवसाला चार चहाचे चमचे तेल पुरे. पाच माणसांना महिन्याला तीन लिटर. या हिशेबानं १५ किलोचा डबा पाच महिने चालायला हवा. डबा फोडला की झाकणावर तारीख टाका. दोन महिन्यांत तळ दिसत असेल तर कोणतं तेल चांगलं, शेंगदाण्याचं की सोयाबीनचं की करडईचं, हा वाद बाजूला ठेवा. आधी चमचा लहान करा. शेंगदाणा तेल वाईट नाही. एकदा तळलेलं तेल पुन्हापुन्हा तापवणं वाईट, आणि डालडा तर घरात नकोच. ओतण्याऐवजी मोजून घालायची सवय लागली की डबा आपोआप लांबतो. पळी फिरवणाऱ्या हाताला ही सवय लागायला काही आठवडे जातात, तोवर घरात कुरकुर होणारच.

शेवभाजीचं काय? ती सोडा असं लिहिणाऱ्याचं जामनेरात कुणी ऐकणार नाही, आणि मीही लिहीत नाही. पण तिच्यात तेल दोनदा येतं, एकदा शेवेत आणि एकदा तर्रीत, आणि मीठही दोनदा. आठवड्यातून दोन-तीनदा ढाब्यावर होत असेल तर ती महिन्यातून दोनदा करा. घरी करताना वाटण कमी तेलात परता, रस्सा जमला की वरची तर्री पळीनं काढून ठेवा, आणि शेव पानात वाढताना मूठभरच टाका. वरण-बट्टीत बट्टी तळण्याऐवजी भाजून घ्या, तूप वरून एक चमचा. पावडा भरून नको.

भरिताच्या बाबतीत मात्र मी वांग्याच्या बाजूनं आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, थोडे शेंगदाणे यात हृदयाला खुपणारं काही नाही. खुपतं ते त्यावरचं वाटीभर तेल आणि बरोबरच्या पुऱ्या. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते तेव्हा कळण्याची भाकरी ठेवा. पुरी ज्यांना हवीच त्यांच्यासाठी दोन. आणि पार्टीत भरितानंतर जे काय उघडलं जातं त्याबद्दल इतकंच, की दारू हृदयाला चांगली असते हे जे कुणी सांगतं त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

साखरेचं गणित चहात आहे. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे बारा चमचे साखर, तीही 'मी गोड खात नाही' म्हणणाऱ्याच्या पोटात. कप कमी होत नसतील तर चमचे कमी करा. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५ ही धोक्याची वेस, १२६ वर दोनदा आली तर मधुमेह. वेशीवर असतानाच कंबर चार-पाच सेंटिमीटर उतरवली तर बऱ्याच जणांना आत जावं लागत नाही.

चालणं, ऊन आणि गोळ्या

आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि चालीचा वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पेरणी-कोळपणीच्या दिवसांत ज्यांचं अंग खरोखर चालतं त्यांनी वेगळं फिरायची गरज नाही. प्रश्न आहे तो फेब्रुवारी ते मे या रिकाम्या महिन्यांचा, आणि दुकानदार, शिक्षक, कचेरीतली माणसं यांचा तर बारा महिन्यांचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा चालायचं ते सूर्य उगवायच्या आत, नाहीतर रात्री जेवून तासाभरानं. दुपारच्या उन्हात 'घाम काढायला' जाऊ नये.

ऊन आणि बीपीची गोळी यांचा संबंध खान्देशात प्रत्येकाला माहीत असायला हवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कडक उन्हाळ्यात लवकर घटतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली दिसू लागलं तर गोळीचं प्रमाण बदलावं लागतं. एप्रिलमध्येच एकदा डॉक्टरकडे जाऊन विचारून या. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी लगेच विचारा.

बायकांचं वेगळं. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकून चालते, तिला व्यायाम कर म्हणणं ही थट्टा आहे. तिचे प्रश्न दुसरे: मिश्री, चुलीचा धूर, शेवटी उरलेलं शिळं खाणं आणि स्वतःचं बीपी कधीच न मोजणं. गरोदरपणात जिचं बीपी वाढलं होतं किंवा शुगर निघाली होती, तिला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळंतपणाची फाइल कपाटात गेली की ही गोष्ट विसरली जाते. अशा बाईनं वय तीस असो की पस्तीस, दर वर्षी बीपी आणि शुगर तपासावी. पाळी गेल्यानंतर तर नक्कीच. आशाताई बहुधा बाईशीच बोलत असतात, पण फॉर्म भरला जातो नवऱ्याचा नि सासऱ्याचा. तिनं स्वतःचाही भरून घ्यावा.

रक्ताची तपासणी आणि काढे

कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी तरुणपणीच एकदा करून घ्यावी, हे आता भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे. कागदावर 'एलडीएल' नावाचा आकडा शोधा. निरोगी माणसाला तो १०० च्या आत, बीपी किंवा शुगर असलेल्याला ७० च्या आत, आणि एकदा अटॅक येऊन गेलेल्याला ५५ च्या आत असावा, असं त्यांच्या २०२४ च्या शिफारशी सांगतात. लॅबच्या छापील कागदावर १३० समोर 'नॉर्मल' लिहिलेलं असू शकतं. तुमच्यासाठी तो नॉर्मल आहे का, हे बीपी आणि शुगरवर ठरतं. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत अटॅक आला असेल तर डॉक्टरला 'लिपोप्रोटीन ए' हीसुद्धा एकदा करायची का, असं विचारा. ती आयुष्यात एकदा पुरते.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी डॉक्टरनं लिहून दिली आणि व्हॉट्सॲपवर कुणी लसूण-आलं-लिंबू-मधाचा 'ब्लॉकेज उघडणारा' काढा पाठवला, तर काढा आवडत असेल तर घ्या, पण गोळीच्या जागी नको. रक्तवाहिनीतला थर काढ्यानं धुऊन निघत नाही. अंग दुखत असेल तर गोळी टाकून देण्याआधी डॉक्टरला सांगा, पर्याय असतात.

आणि तरीही दुखायला लागलं तर

छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं, ते हातात, जबड्यात, पाठीत सरकणं, गार घाम, धाप, मळमळ. 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन पडून राहण्यात अनेक जीव जातात. शुगरवाल्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप किंवा एकदम गळून गेल्यासारखंही होतं. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करा. मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. शेजाऱ्याच्या घरातली जिभेखालची सॉर्बिट्रेट देऊ नका. बीपी आधीच खाली असेल तर ती माणसाला पाडते. ॲस्पिरिन चावून खायला देता येते, पण ॲलर्जी, रक्तस्राव किंवा लकव्याची शंका नसेल तरच, आणि १०८ वरच्या डॉक्टरला विचारून.

जामनेरहून जळगाव पस्तीस-चाळीस किलोमीटर. रस्ता आणि रहदारी धरून तास जातो, आणि पहिला तासच सगळ्यात मोलाचा असतो. म्हणून थेट मोठ्या दवाखान्याच्या नादात जवळचा ईसीजी सोडू नका. जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी निघाला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं का हे ठरलं, की पुढचा प्रवास करता येतो. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार कुठे ठेवले आहेत हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

आणखी एक काम आजच करता येईल. चाळिशी ओलांडली असेल आणि बीपी, शुगर किंवा तंबाखू यांपैकी काही असेल तर डॉक्टरला विचारून बरं असताना एक साधा ईसीजी काढून ठेवा. तो सरळ आला म्हणजे धोका नाही असं नव्हे. त्याचा उपयोग वेगळा आहे: उद्या रात्री दोन वाजता नवा ईसीजी निघाला तर डॉक्टर जुन्याशी ताडून पाहू शकतात. त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवा. चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटोही त्याच ठिकाणी.